जेद्दा ते बुरैदा : मुलींच्या शाळेच्या वाटेने

सौदी अरेबियाने पर्यटक व्हिसा सुरू केला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. त्याआधी तिथे जायचे म्हणजे हज-उमरा, नोकरी, नाहीतर नोकरीवाल्याचे कुटुंब म्हणून. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांना जेद्दा-रियाध त्यामुळेच ठाऊक आहे. बाकी मराठी वाचकाच्या मनात हा देश अजून वाळू, तेल आणि बुरखा एवढ्यावरच थांबलेला असतो. खालचा मार्ग एका विषयाच्या मागे जाणारा आहे : अरब घरात कुणाकडे काय जबाबदारी असते, आणि त्या घरातून मुलगी शाळेत कशी पोहोचली.

आधी तयारीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. रमजानात दिवसा खाण्यापिण्याची ठिकाणे बंद असतात आणि सगळे वेळापत्रक रात्रीकडे सरकते, म्हणून तो टाळावा. आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार. शाळा भरताना-सुटताना पाहायच्या असतील तर रविवार ते गुरुवार हातात हवेत. परदेशी स्त्रियांना अबायाची (कपड्यांवरून घालायच्या अंगभर सैल झग्याची) सक्ती नाही, पण खांदे-गुडघे झाकणारे सैल कपडे हवेत. बुरैदाला अबाया घातलेला बरा. सक्ती म्हणून नव्हे, लोक जरा मोकळेपणाने बोलतात म्हणून. परवानगीशिवाय कुणाचाही फोटो काढू नये, दंड होतो. मुलींच्या शाळेच्या फाटकाकडे तर कॅमेरा वळवूच नये.

पहिला दिवस : जेद्दा, अल-बलद

जुने शहर, म्हणजे अल-बलद, सकाळी लवकर किंवा दुपारी साडेचारनंतर पाहावे. २०१४ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. दुरुस्तीची कामे चालू असल्याने काही गल्ल्या बंद असतात. घरे चार-पाच मजली, समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची. हा दगड हलका, सच्छिद्र आणि ओल धरणारा, म्हणून भिंतीत ठरावीक उंचीवर आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या दिसतात. त्या भार वाटून घेतात. पट्टी कुजली की वरची भिंत पोट काढते, आणि पडलेल्या बहुतेक घरांची कथा तीच.

पाहायच्या आहेत त्या रवाशीन : भिंतीबाहेर आलेल्या, जाळीच्या, लाकडी खिडक्या. सागवान भारतातून आणि जावातून येत असे. जाळीतून वारा आत येतो, बाहेरचे दिसते, आतले दिसत नाही. पण खिडक्यांइतकेच घराच्या दाराकडेही पाहा. मुख्य दारातून आत नजर थेट पोहोचत नाही, वाट वळते. तळमजल्यावर पुरुष पाहुण्यांची आणि धंद्याच्या बोलण्यांची खोली, तिला इथे मकअद म्हणतात. जिन्याने वर गेले की कुटुंबाचा भाग. सगळ्यात वर गच्ची, उन्हाळ्यात झोपायची. जोडप्याने एखाद्याच्या घरी जेवायला जायचे असेल तर आजही बऱ्याच ठिकाणी दारातच फाटाफूट होते. नवरा बाहेरच्या बैठकीत, बायको आत. यजमानाच्या बायकोची चौकशी करायची नसते. ‘घरची मंडळी बरी आहेत ना’ एवढे पुरे. स्त्रीला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, उम्म अमुक. पुरुषाला अबू तमुक. छोटा कॉफीचा पेला उजव्या हातातच घ्यावा आणि पुरे झाल्यावर मनगटाने हलकेच हलवून परत द्यावा. न हलवता पुढे केला तर यजमान भरतच राहतो.

या रचनेमागचा हिशेब समजला नाही तर पुढचे काहीच नीट कळत नाही. शरियतच्या कौटुंबिक कायद्यात बायकोचा खर्च (नफका) नवऱ्यावर असतो, ती श्रीमंत असली तरी. तिची कमाई, तिचा महर (लग्नात नवऱ्याने तिला द्यायची रक्कम), माहेरचा वारसा सगळे तिचे. नवऱ्याला त्यावर हक्क नाही. वारशात मुलीला मुलाच्या निम्मे, कारण मुलाने बहिणी-आईला पोसायचे असते, असे समर्थन दिले जाते. या पोसण्याच्या मोबदल्यात पुरुषाकडे वली, म्हणजे स्त्रीचा पालक, म्हणून अधिकार येतो. आधी बाप, नाहीतर आजोबा, भाऊ. विधवेच्या बाबतीत कधी स्वतःचा मुलगा. खर्च आणि अधिकार एकाच दोरीला बांधलेले आहेत. आपल्याकडचे लेख अधिकारावर बोलतात आणि खर्चाचे विसरतात. तिथले सनातनी खर्चाचे सांगतात आणि अधिकाराचे गाळतात.

संध्याकाळी नसीफ घर. १८७२ ते १८८१ या काळात बांधलेल्या या वाड्यात १०६ खोल्या आहेत. वर जायला पायऱ्यांऐवजी रुंद, हळूहळू चढणारी वाट आहे. त्यावरून सामान घेऊन उंटही वर जात, असे सांगतात. दारातले झाड आपला कडुनिंब. जेद्दात एकेकाळी मोजण्यासारखे हेच एक झाड असल्याने पत्ता सांगताना ‘झाडाचे घर’ म्हटले की पुरत असे. १९२५ मध्ये जेद्दा ताब्यात आल्यावर सौदी राज्याचे संस्थापक अब्दुल अझीझ इब्न सौद याच घरात उतरले.

दुसरा दिवस : फलाह, दार अल-हनान

जुन्या शहरातच अल-फलाह शाळा आहे, १९०५ ची. स्थापन करणारे महंमद अली झैनल हे मोत्यांचे व्यापारी. त्यांचा धंदा मुंबईत होता आणि पुढे मुंबईतही त्यांनी फलाह नावाची शाळा काढली. सुरुवातीच्या खर्चासाठी त्यांच्या पत्नी खदीजा यांनी आपले दागिने दिले, ही गोष्ट जेद्दात सगळे सांगतात. शाळा मात्र मुलांची होती. मक्केतल्या सौलतिया मदरशाचेही तेच. १८५७ नंतर भारतातून निघून गेलेले रहमतुल्ला कैरानवी यांनी तो उभारला, पैसे दिले कलकत्त्याहून हजला आलेल्या सौलतुन्निसा बेगम यांनी, नावही त्यांचेच लागले; शिकले मुलगे. (बिगर-मुस्लिमांना मक्केत प्रवेश नाही. रस्त्यावरच्या पाट्या शहराबाहेरच वेगळ्या वाटेला वळवतात. टॅक्सीवाल्याला आधी सांगून ठेवावे.)

मुलींना त्या काळी काय मिळत होते? घरात किंवा शेजारच्या शिकलेल्या बाईकडे कुराणपठण, थोडे वाचन. लिहिणे बहुधा नाहीच. ऐपत असलेले मुलींना कैरो, बैरुतला पाठवत. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या प्रमुख झालेल्या सुरैया ओबैद कैरोत शिकल्या, आणि १९६३ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेल्या पहिल्या सौदी स्त्री ठरल्या.

शहराच्या दक्षिण भागात, जुन्या मक्का रस्त्याकडे, दार अल-हनानची जागा आहे. १९५५ मध्ये इफ्फत यांनी ही शाळा काढली. अब्दुल अझीझ यांचे पुत्र आणि पुढे राजे झालेले फैसल यांच्या या पत्नी इस्तंबूलमध्ये वाढलेल्या, १९३२ मध्ये लग्न होऊन आलेल्या. शाळा कशी काढली हे बघण्यासारखे आहे. पाटी ‘मुलींची शाळा’ अशी लावली नाही. अनाथ मुलींना मायेने सांभाळणारे घर, असे रूप दिले. अनाथांच्या सांभाळाला धर्मात मोठे पुण्य आहे, त्याला विरोध करणे अवघड. मग पटवून देताना वापरला तो इजिप्तचे कवी हाफिझ इब्राहीम यांचा सर्वांच्या तोंडी असलेला विचार : आई हीच शाळा, तिला घडवलेत तर समाज घडेल. मुलीला नोकरी मिळेल, ती स्वतंत्र होईल, असे कुणी म्हटले नाही. चांगली आई होईल, एवढेच म्हटले.

ही युक्ती होती की खरी श्रद्धा, हा वाद तिथे अजून चालतो. आमच्या मते दोन्ही. पण युक्तीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली : शिक्षण आईपणासाठी म्हणून मंजूर झाले, तेव्हा अभ्यासक्रमात गृहविज्ञान आले आणि खेळाचा तास आला नाही. सरकारी शाळांत मुलींना शारीरिक शिक्षण मिळायला २०१७ उजाडले.

त्याच आवारात १९९९ मध्ये इफ्फत कॉलेज सुरू झाले, आता ते विद्यापीठ आहे. देशात मुलींना अभियांत्रिकी शिकवायला सुरुवात केली ती इथे. आवारात पूर्वपरवानगीशिवाय जाता येत नाही.

तिसरा दिवस : विमानाने रियाध

रस्त्याने साडेनऊशे किलोमीटर. त्या वाटेवर या विषयापुरते थांबण्यासारखे काही नाही, विमानच घ्यावे. दुपारी मसमक किल्ला पाहून होतो. १९०२ मध्ये अब्दुल अझीझ यांनी तो घेतला, दरवाजात घुसलेले भाल्याचे टोक अजून दाखवतात.

रियाधची मेट्रो १ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली : सहा मार्ग, १७६ किलोमीटर, ८५ स्थानके, चालकाशिवाय. तिकीट दोन तासांना ४ रियाल. डब्यांचे तीन भाग आहेत : फर्स्ट, फॅमिली आणि सिंगल्स. एकट्या स्त्रीने, मुले बरोबर असलेल्यांनी, जोडप्यांनी फॅमिलीत बसायचे. एकट्या पुरुषाने सिंगल्समध्ये. मित्रांचा घोळका कितीही मोठा असला तरी तो सिंगल्सच. चुकून फॅमिलीत शिरणाऱ्या आपल्याकडच्या पुरुषांना कर्मचारी उठवतात, वाद घालू नये. हॉटेलांत मात्र दोन वेगळ्या दारांची सक्ती डिसेंबर २०१९ मध्ये उठली. जुनी दोन दारे बऱ्याच ठिकाणी दिसतात, वापरात एकच.

सरकारी मुलींच्या शाळांचा निर्णय याच शहरात झाला. राजे सौद यांनी १९५९ च्या शेवटी फर्मान काढले आणि १९६० मध्ये शाळा सुरू झाल्या. पहिल्या वर्षी १५ शाळा आणि सुमारे ५,००० मुली. पण या शाळा शिक्षण मंत्रालयाकडे दिल्या नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कारभार उभा केला आणि तो मुख्य मुफ्ती महंमद बिन इब्राहीम यांच्या देखरेखीखाली ठेवला. ज्यांचा विरोध होण्याची भीती, त्यांच्याच हाती किल्ल्या दिल्या. किल्ल्या खरोखरच्या. शाळेला उंच भिंत, एकच फाटक, त्याला बाहेरून कुलूप. बाहेर वयस्कर पुरुष राखणदार. मुलगी बाहेर पडणार ती बाप, भाऊ किंवा ठरलेली बस आली म्हणजेच. विद्यापीठात पुरुष प्राध्यापक दुसऱ्या खोलीतून क्लोज्ड सर्किट टीव्हीवर शिकवत, मुली फोनवरून प्रश्न विचारत.

या व्यवस्थेतला दोष ११ मार्च २००२ ला उघडा पडला. मक्केतल्या ३१ क्रमांकाच्या मुलींच्या माध्यमिक शाळेला आग लागली आणि १५ मुली गेल्या. इमारत शाळेसाठी बांधलेली नव्हती, भाड्याची होती; खोल्यांत दाटी, जिना अपुरा, फाटकाला कुलूप. अबाया न घालता बाहेर येणाऱ्या मुलींना आणि आत जाऊ पाहणाऱ्यांना धर्म-पोलिसांनी अडवले, असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले आणि सौदी वर्तमानपत्रांनी ते छापले. हे छापले जाणे तिथे नवे होते. काही आठवड्यांतच मुलींच्या शाळांचा वेगळा कारभार मोडून तो शिक्षण मंत्रालयात विलीन केला गेला. ४२ वर्षे लागली.

चौथा दिवस : बुरैदा

रियाधच्या उत्तरेकडच्या स्थानकातून कसीमला, म्हणजे बुरैदा ज्या प्रांतात आहे तिथे, जाणारी गाडी धरावी. अडीच तासांच्या आसपास लागतात. आरक्षण आधी करावे, गुरुवारी संध्याकाळच्या गाड्या लवकर भरतात. कसीमचे स्थानक गावाबाहेर आहे, तिथून टॅक्सी.

बुरैदा खजुरांचे गाव. सुक्करी जातीचा खजूर इथला. ऑगस्टमध्ये मोठा बाजार भरतो, पण तेव्हा ऊन सोसवत नाही. उकैलात, म्हणजे इथल्या उंटांच्या व्यापाऱ्यांचे काफिले, इराक, सीरिया, इजिप्तपर्यंत जात. पुरुष महिनोन्‌महिने बाहेर. जगाशी इतका संबंध असलेल्या गावानेच मुलींच्या शाळेला सर्वांत कडवा विरोध केला, हे अनेकांना कोडे वाटते. कोडे नाही. नवरा बाहेर असताना घराची अब्रू ज्या कडक नियमांवर टिकते, त्या नियमांना हात लागला की भीती जास्त वाटते.

१९६३ मध्ये इथे शाळा उघडायची ठरली तेव्हा गावातले पुरुष शिष्टमंडळ घेऊन रियाधला गेले. त्यांचे आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. शिकवायला सौदी बाया नव्हत्याच. येणार त्या इजिप्त, सीरिया, जॉर्डनच्या, पॅलेस्टिनी. त्या काय शिकवतील, कशा राहतील? मुलगी रोज रस्त्यावरून जाणार, कुणाच्या सोबतीने? लग्नाचे वय टळले तर जबाबदार कोण? फैसल तेव्हा युवराज आणि पंतप्रधान होते. त्यांनी ठेवलेले धोरण असे : सक्ती कुणावर नाही, पण ज्यांना शिकवायचे आहे त्यांना कुणी अडवू नये. शाळा उघडी ठेवायला सैनिक पाठवावे लागले. पहिल्या वर्षी पटावर एकच मुलगी, मुख्याध्यापिकेची स्वतःची, असे सांगितले जाते.

मग पट वाढला कसा? मुख्यतः लग्नाच्या बाजारातून. शिकलेल्या तरुणांना वाचता येणारी बायको हवी झाली. आणि शिक्षिकेची नोकरी ही परपुरुषाशी संबंध न येणारी, दुपारी घरी आणणारी सरकारी नोकरी ठरली. शिक्षिका मुलीला स्थळे चांगली येऊ लागली. फतव्यांनी जे झाले नाही ते पगाराने केले.

गावात त्या शाळेचे स्मारक वगैरे शोधू नये. त्याऐवजी दुपारी कुठल्याही मुलींच्या सरकारी शाळेच्या रस्त्यावरून जावे. पाटीवर बहुधा नुसता क्रमांक असतो : अमुकावी प्राथमिक. फाटकाबाहेर गाड्यांची तिहेरी रांग. चालवणारे बाप, भाऊ, आपल्याकडचे किंवा बांगलादेशी ड्रायव्हर, आणि आता मुलींच्या आईही.

संध्याकाळी क्लेजा घ्यावा, गोड सारण आणि वेलची-दालचिनी घातलेली कसीमची गोल बिस्किटे. घरच्या घरी करून विकणाऱ्या बायकांचा हा मोठा धंदा आहे, क्लेजाचा उत्सवही भरतो. शाळेत न गेलेल्या पिढीतल्या बायकांचा पैसा यातच दिसतो. ताजा क्लेजा मऊ असतो, आठवड्याभरात कडक होतो. न्यायचा असेल तर शेवटच्या दिवशी घ्यावा.

पाचवा दिवस : उनैझा

बुरैदापासून तीसेक किलोमीटर. दोन गावांची जुनी चुरस आहे आणि उनैझाचे लोक स्वतःला मोकळ्या विचारांचे म्हणवतात. इथले व्यापारी बसरा, बहारीन, मुंबईपर्यंत पसरलेले होते. बसाम घराण्याचे मातीचे मोठे घर पाहायला मिळते. पुरुषांच्या कॉफीच्या खोलीला रस्त्याकडून दार, बायकांचे दार दुसऱ्या अंगाला. शेजारघरांत जायला बायकांच्या गच्च्यांवरच्या वाटा वेगळ्या. जुन्या बाजारात बायका मांडून बसत आणि विकत. मुलींची शाळा आमच्याकडेही हवी, असा अर्ज गेला तो अशा गावांतून. सरळ रेषेत सनातनी आणि सुधारक अशी वाटणी करता येत नाही. अर्ध्या तासाच्या अंतरावर दोन मते होती, आणि बहुधा एकाच घरातही.

सहावा दिवस : पुन्हा रियाध, नूरा विद्यापीठ

विमानतळाकडे जाणाऱ्या पिवळ्या मार्गावर राजकन्या नूरा विद्यापीठाची स्थानके लागतात. हे फक्त मुलींचे विद्यापीठ. नवे आवार २०११ मध्ये सुरू झाले, ८० लाख चौरस मीटर, आत स्वतःची ११.५ किलोमीटरची, १४ स्थानकांची मेट्रो. नूरा म्हणजे अब्दुल अझीझ यांची बहीण. ‘मी नूराचा भाऊ’ असे ते अभिमानाने म्हणत. बहिणीचे नाव घेऊन लढाईत उतरणे ही नज्दची, म्हणजे रियाध-कसीमच्या मध्य अरबस्तानाची, जुनी रीत. बाहेर बायकोचे नाव न घेणाऱ्या समाजात बहिणीचे नाव मात्र ललकारी होऊ शकते.

इथल्या पदवीधर मुली पुढे कुठे अडत, याचे उत्तर बरीच वर्षे ‘रस्त्यावर’ असे होते. गाडी चालवायची मनाई. गावाकडे नेमणूक झालेल्या शिक्षिका चार-पाच जणी मिळून व्हॅन ठरवत, पहाटे तीनला निघत, दोनशे-तीनशे किलोमीटर जात. पेंगुळलेला ड्रायव्हर, जुने टायर, अपघातांच्या बातम्या नित्याच्या. घरचा ड्रायव्हर ठेवायचा तर पगाराचा मोठा हिस्सा त्यातच जाई. ६ नोव्हेंबर १९९० ला रियाधमध्ये ४७ स्त्रियांनी मनाई मोडून गाड्या चालवल्या. त्यांत शिक्षिका-प्राध्यापिका बऱ्याच होत्या आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. परवानगी आली २४ जून २०१८ ला. त्याच्या महिनाभर आधी लुजैन अल-हथलूल आणि इतर काही मागणी करणाऱ्या स्त्रियांना अटक झाली होती. लुजैन सुटल्या फेब्रुवारी २०२१ मध्ये. हक्क दरबाराने दिला असे दिसावे, मागून मिळाला असे दिसू नये, हा त्यातला अर्थ.

ऑगस्ट २०१९ पासून २१ वर्षांवरील स्त्रीला पासपोर्ट आणि परदेश प्रवासासाठी वलीची संमती लागत नाही. २०१७ मध्ये पाचातली एक सौदी स्त्री नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात होती, आता तीनातली एक आहे. आपल्याकडच्या कुटुंबांचे चित्र याच काळात उलटे फिरले : जुलै २०१७ पासून प्रत्येक अवलंबिताला महिना १०० रियाल कर लागला, तो २०२० पर्यंत ४०० झाला. बायको आणि दोन मुले म्हणजे महिना १,२०० रियाल. अनेकांनी कुटुंब गावी पाठवले आणि जेद्दा-रियाधच्या भारतीय शाळांतल्या मुली वर्षाच्या मध्येच कोकणातल्या शाळांत दाखल झाल्या.

लग्नाला मात्र वली अजून लागतो. २०२२ च्या कौटुंबिक कायद्याने वयाची अट १८ केली, त्याखाली न्यायालयाकडे जावे लागते. पण वधूच्या वतीने करार करणार वलीच. म्हणून शिकणाऱ्या मुलींच्या घरी निकाहनाम्यातल्या अटींवर घासाघीस चालते. पदवी पूर्ण करू देणे, नोकरी करू देणे, सासरच्यांपासून वेगळे घर, अशा अटी करारात घालता येतात, आणि नवऱ्याने मोडल्या तर बायकोला लग्न रद्द करून मागता येते. अट नेमकी लिहावी लागते : कोणती पदवी, कोणत्या शहरात, खर्च कुणाचा. ‘शिकू देईन’ एवढे मोघम लिहिले तर पहिल्या बाळंतपणानंतर त्याचा अर्थ नवरा आणि सासू ठरवतात. आणि बैठकीत चार माणसांसमोर दिलेला शब्द कागदावर आला नाही, नवऱ्यानेही तो पुढे नाकारला, तर न्यायालयात तो धरला जात नाही.